माळ्यावरची चित्रे आणि आपली लुगडी

मी काही लेखिका नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. घर, गोठा, परसातली भाजी आणि मंडळाची गुरुवारची बैठक एवढेच माझे जग. पण गेल्या वर्षी वर्धापनदिनाला आपल्या मंडळाने जुन्या चित्रांचे आणि जुन्या लुगड्यांचे जे छोटेसे प्रदर्शन मांडले, त्याची हकीगत स्मरणिकेत यावी असा अध्यक्षबाईंचा आग्रह पडला. "तुमच्याच माळ्यावरून ते सुरू झाले, तेव्हा तुम्हीच लिहा," असे त्या म्हणाल्या. मोठ्यांचा शब्द मोडवेना, म्हणून लिहायला बसले आहे. चुकले तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.

त्याचे झाले असे. दोन वर्षांपूर्वी आमच्या घराचे छप्पर काढायचे ठरले. वासे वाळवीने पोखरले होते. नळे उतरवण्याआधी माळा रिकामा करायचा होता. जुनी भांडी, मोडका पाळणा, कणगीचे तुकडे यांच्यामागे गोणपाटात गुंडाळलेल्या अकरा तसबिरी निघाल्या. काचा काळवंडलेल्या, चौकटींना कसर लागलेली. पूर्वी त्या माजघरात रांगेने लावलेल्या असत. भिंतींना रंग काढला तेव्हा त्या खाली उतरल्या आणि पुन्हा वर चढल्याच नाहीत.

आता त्यांचे करायचे काय, यावरून घरात तीन मते झाली. सासूबाई म्हणाल्या, "देवाचे फोटो असत. न्हयत सोडून येवा." आमच्याकडे भंगलेली मूर्ती किंवा जुनी तसबीर नदीत सोडतात, तेव्हा त्यांचे म्हणणे रीतीला धरूनच होते. ह्यांचे म्हणणे निराळे. त्याच आठवड्यात जुन्या वस्तू विकत घेणारा एक माणूस घाट उतरून गावात आला होता. त्याने सगळ्या तसबिरींचे मिळून चार हजार रुपये सांगितले. छपराच्या खर्चात तेवढाच हातभार, असा ह्यांचा विचार. आणि माझे म्हणाल तर मला मतच नव्हते. खरे सांगायचे तर चार हजार ऐकून मीही विरघळले होते. "उद्या या, पुसून ठेवते," असे मी त्या माणसाला सांगूनही टाकले.

ते पुसणे मला भोवले आणि तेच कामीही आले. पहिल्याच तसबिरीची काच काढून मी कागदावर ओले फडके फिरवले. कागद भिजला, फुगला आणि कोपऱ्यातून टराटरा फाटला. रंगही फडक्याला लागला. मी घाबरून दुसरी तसबीर हातात घेतली. ह्या खेपेस फडके बाजूला ठेवून काच फक्त सुटी केली. ते लक्ष्मीचे चित्र होते. कमळावर उभी, बाजूला हत्ती. आणि पाहते तो काय, देवीच्या लुगड्याला खरी जर होती! कागदावरच्या काठावर बारीक टाके घालून जरीची पट्टी शिवलेली. पदरावर टिकल्या. गळ्यात मण्यांची सर. काच काळी पडल्यामुळे इतकी वर्षे ते कोणाच्या डोळ्यांना दिसले नव्हते. चित्राच्या खाली बारीक अक्षरांत रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असे इंग्रजीत छापलेले होते. ते मला मुलीने वाचून दाखवले.

मी ती तसबीर घेऊन सासूबाईंपुढे गेले. त्यांना डोळ्यांनी कमी दिसते. त्यांनी बोटांनी तो काठ चाचपला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ही म्हातारेची जर."

म्हातारी म्हणजे माझ्या सासूबाईंची आजेसासू. सासूबाई लग्न होऊन ह्या घरी आल्या तेव्हा ती सत्तरीची होती. तिचा नवरा मुंबईला गिरणीत चाकरीला होता. गणपतीला येताना तो एक-एक तसबीर ट्रंकेत कपड्यांच्या घडीत घालून आणी. मुंबईहून बोटीने देवगडला आणि तिथून पुढे बैलगाडीने. एका वर्षी तो आजारी होऊन घरी आला आणि त्यातच गेला. म्हातारी तेव्हा तिशीच्या आत होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे कुंकू गेले, हिरव्या बांगड्या गेल्या आणि काठापदराचे लुगडेही गेले. लग्नातले लुगडे ती नेसू शकत नव्हती आणि टाकूही शकत नव्हती. तेव्हा तिने त्याची जर उसवली आणि नवऱ्याने आणलेल्या लक्ष्मीला शिवली. "माका नेसाक गावणा नाय, तर तिका तरी नेसवतंय," असे ती म्हणायची, असे सासूबाईंनी सांगितले.

हे ऐकल्यावर मला त्या माणसाला तोंड दाखवायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा ह्यांनीच त्याला परत पाठवले. नदीचा विषय सासूबाईंनी पुन्हा काढला नाही.

असो. पण माझ्या मनात प्रश्नांची रांग लागली. हे रविवर्मा कोण? कार्ल्याला छापखाना कसा? आणि चित्रातल्या देवतेला लुगडे नेसवायची ही कल्पना म्हातारीची एकटीची, की इतर बायकाही असे करीत? आपल्या हायस्कुलातून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे मास्तर गावातच राहतात. मी मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला चार-पाच बैठकांत जे समजावले, आणि पुढे मुलीने पुस्तकांतून वाचून दाखवले, ते थोडक्यात सांगते.

राजा रविवर्मा हे केरळातले. जन्म १८४८ सालचा, किळिमानूर गावी. मृत्यू १९०६ साली. तैलरंगांत चित्रे काढण्यात त्यांचा हातखंडा होता. राजेरजवाड्यांच्या वाड्यांत त्यांची चित्रे लागली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून पुराणांतील प्रसंगांची चौदा चित्रे करून घेतली. पण वाड्यातले चित्र पाहणार किती जण? बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी त्यांना आधीच सुचवले होते की, निवडक चित्रे विलायतेस पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढाव्यात. पुढे रविवर्म्यांनी विलायतेचा नाद सोडून मुंबईलाच छापखाना काढला. ते साल १८९४. यंत्रे आणि कारागीर जर्मनीहून आले. पहिले चित्र छापले ते शकुंतलेच्या जन्माचे. पुढे मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा १८९९ च्या सुमारास छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला, कार्ल्याच्या लेण्यांपाशी, हलवला. थोड्याच वर्षांनी रविवर्म्यांनी तो श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकला, आणि त्याने तो पुष्कळ वर्षे चालवला. आपले दादासाहेब फाळके, ज्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला, त्यांनीही तरुणपणी ह्या छापखान्यासाठी काम केले होते. १९७२ साली लागलेल्या आगीत तो कारखाना जळाला. तेव्हा घरोघरच्या ज्या तसबिरी आपण नदीत सोडतो, त्यांच्यासारख्या नव्या आता तिथून निघायच्या नाहीत.

हे चित्र छापायचे कसे, तेही मास्तरांनी सांगितले. बव्हेरियातला एक गुळगुळीत चुनखडीचा दगड असतो. त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचे. मग दगड ओला केला की तेलकट रेघांवर पाणी ठरत नाही, आणि वर शाई फिरवली की ती फक्त रेघांनाच धरते. तेल-पाण्याचे वैर आपल्याला स्वयंपाकघरात रोज दिसते, तेच इथे कामाला लावले आहे. सेनेफेल्डर नावाच्या माणसाने १७९६ ते १७९८ च्या दरम्यान ही युक्ती शोधली. रंगीत चित्राला प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. एक रंग वाळला की दुसरा, तो वाळला की तिसरा. कागद तसूभर सरकला तरी देवीचे कुंकू कपाळाबाहेर जायचे! शेवटी वरून रोगण दिले की ते तैलचित्रासारखे चमकते.

रविवर्म्यांच्या आधीही आपल्याकडे छापील चित्रे होती. पुण्याला विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली चित्रशाळा छापखाना काढला. तिथले राम पंचायतन पुष्कळ घरांत असे. माझ्या ओल्या फडक्याने फाटले ते चित्र तिथलेच असावे, असे मास्तर म्हणाले. ते ऐकून मला आणखीच वाईट वाटले.

ह्या चित्रांनी दोन मोठ्या गोष्टी केल्या, असे मला वाटते. पहिली ही की, ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात, कित्येकांना तर देवळाच्या आवारातही, पाय ठेवू देत नसत, त्यांच्या घरच्या भिंतीवर देव स्वतः चालत आला. थोड्या पैशांत लक्ष्मी-सरस्वती घरी आणता येऊ लागल्या. दुसरी गोष्ट आपल्या कपड्यांची. पुराणातल्या बायका काय नेसत होत्या, हे कोणी पाहिले आहे? रविवर्मा हिंदुस्थानभर हिंडले, निरनिराळ्या प्रांतांच्या बायकांचे पोशाख त्यांनी पाहिले आणि आपल्या देवतांना व नायिकांना लुगडे-चोळी, साडी-पोलके असे आपल्या ओळखीचे वस्त्र दिले. म्हैसूरच्या महाराजांसाठी काढलेल्या त्यांच्या एका चित्रात तर निरनिराळ्या प्रांतांच्या अकरा बायका गाणेबजावणे करीत बसल्या आहेत आणि प्रत्येकीचे नेसणे वेगळे आहे. म्हणजे ही चित्रे देवांची असली तरी आपल्या आज्या-पणज्यांच्या काळच्या वस्त्रांची नोंदवहीही आहेत.

आणि जर शिवण्याचे म्हणाल तर ती कल्पना म्हातारीची एकटीची नव्हती. छापील चित्रांवर जर, टिकल्या, मणी, कापडाचे तुकडे लावून देवतेला सजवण्याची रीतच पुष्कळ ठिकाणी होती. अशी सजवलेली चित्रे आज संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे काळजीने जपलेली आहेत. मात्र ती सजवली कोणी, त्या बाईचे नाव बहुधा कुठेच नसते. चित्रकाराचे नाव असते, छापखान्याचे असते. टाके घालणारीचे नसते.

आता थोडे दूरदेशीचे. मास्तरांच्या घरी भिंतीवर दोन लहान चित्रे आहेत. तरुणपणी मुंबईच्या चोरबाजारात त्यांनी ती घेतली. दोन गोऱ्या बायका, पांढरे झिरझिरीत झगे, कंबर थेट छातीखाली बांधलेली. मला वाटले कोणा राणीची चित्रे असतील. मास्तर हसून म्हणाले, "नाही हो, ही कपड्यांच्या फॅशनची चित्रे. दोनशे वर्षांपूर्वीची." त्यांचा इतिहास असा. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजाराने राज्यकारभारास असमर्थ झाला, तेव्हा १८११ पासून १८२० पर्यंत त्याच्या मुलाने त्याच्या जागी कारभार पाहिला. त्या काळाला तिकडे रीजन्सीचा काळ म्हणतात. आपल्याकडे त्याच काळात, १८१८ साली, पेशवाई बुडाली. त्या वेळी लंडनला रुडॉल्फ अकरमन नावाचा मूळचा जर्मन गृहस्थ १८०९ पासून १८२८ पर्यंत एक मासिक काढीत असे. त्यात कपड्यांच्या नव्या तऱ्हांची चित्रे असत. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरून ती छापायची आणि मग प्रत्येक प्रत हाताने रंगवायची. अशा रंगवण्याच्या कामाला तिकडे बायका आणि मुलेही असत. नवलाची गोष्ट ही की, त्या मासिकात कापडाचे खरे तुकडेही चिकटवून देत, म्हणजे वाचणारीला हात लावून पोत कळावा! म्हातारीने चित्राला खरी जर लावली, आणि लंडनच्या मासिकवाल्याने पानाला खरे कापड. एकीने भक्तीने, दुसऱ्याने व्यापारासाठी. पण कापड हाताला लागले पाहिजे ही ओढ दोन्हीकडे सारखीच.

पुढे लोकांनी ती मासिके मोडली, त्यांतली चित्रे सुटी करून चौकटीत घातली आणि विकली. आज जगभर ती जमवणारे लोक आहेत. सुटी झाल्यामुळे चित्रे भिंतीवर दिसू लागली हे खरे. पण कोणते चित्र कोणत्या महिन्याचे, त्यासोबत काय मजकूर होता, तो धागा मात्र तुटला. याच अकरमनच्या दुकानातून १८२६ साली ग्रिंडले नावाच्या कंपनी सरकारच्या एका अधिकाऱ्याने काढलेली पश्चिम हिंदुस्थानातील देखाव्यांची, वेषभूषेची आणि इमारतींची रंगीत चित्रेही निघू लागली. म्हणजे ज्या दुकानात मडमांच्या झग्यांची चित्रे मिळत, त्याच दुकानात आपल्या मुलखातल्या माणसांच्या पोशाखाचीही मिळत!

आणि मास्तरांच्या चित्रांतल्या एका मडमेच्या खांद्यावरची शाल मी नीट पाहिली. पदराला चक्क आपली कोयरी! काश्मिरी शालींचे तिकडे त्या काळी वेड होते. त्या महाग पडत म्हणून स्कॉटलंडच्या पेझली गावात तशाच नक्षीच्या शाली मागांवर विणू लागले, आणि आपल्या कोयरीला तिकडे त्या गावाचेच नाव पडले. त्या पांढऱ्या झग्यांचे उत्तम कापडही मूळचे आपल्याकडचे, बंगालमधील ढाक्याची मलमल. पुढे तिकडे यंत्रांवर सूत आणि कापड निघू लागले, ते स्वस्त कापड उलट आपल्या बाजारात आले आणि आपल्या विणकरांचे माग बसले. त्या कापडाच्या ताग्यांवर गिऱ्हाईक ओढण्यासाठी देवादिकांची रंगीत चित्रे छापून चिकटवलेली असत. त्यानंतर मुंबईत गिरण्या निघाल्या. पहिली १८५४ साली स्थापन झाली. त्या गिरण्यांत आपल्या कोकणातली माणसे गेली. आमची म्हातारीची तसबीर त्याच वाटेने घरी आली. १९८२ सालच्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि आपल्या गावचे कित्येक चाकरमानी कायमचे परत आले. तेव्हा लंडनची मडम आणि फोंड्याची म्हातारी एकमेकींना कधी दिसल्या नाहीत, पण एकाच धाग्याची ही दोन टोके आहेत, असे मला वाटले.

हे सारे डोक्यात घोळत असताना मी मंडळाच्या बैठकीत प्रदर्शनाचा विषय काढला. सुरुवातीला कोणाला फारसे पटले नाही. "जुने फोटो काय बघायचे? त्यापेक्षा पाककृतींची स्पर्धा ठेवू," असे बऱ्याच जणी म्हणाल्या. मी लक्ष्मीची तसबीर पिशवीतून काढून टेबलावर ठेवली आणि म्हातारीची गोष्ट सांगितली. मग मात्र एकीने आपल्या माहेरच्या सरस्वतीची आठवण काढली. दुसरीला आपल्या आत्येच्या खोलीतली हंस-दमयंती आठवली. आठ दिवसांत तेवीस चित्रे गोळा झाली. शिवाय लुगडी. इरकली, खणाच्या चोळ्या, एक काळी चंद्रकळा, पैठणीचा एक विरलेला पदर.

मांडणी कशी केली ते इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणाला करायची झाल्यास उपयोगी पडेल. चित्रे काळाप्रमाणे लावली. आधी मास्तरांची दोन विलायती चित्रे, मग चित्रशाळा आणि रविवर्मा छापखान्याची, मग कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या चित्रांच्या नव्या छापील प्रती. धुरंधर म्हणजे आपला घाट चढून गेल्यावरच्या मुलखातले. जन्म १८६७, मृत्यू १९४४. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले आणि तिथेच मोठ्या पदापर्यंत चढले. रॉथफील्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हिंदी स्त्रियांवरील पुस्तकासाठी, जे १९२० साली निघाले, निरनिराळ्या जातीजमातींच्या बायकांची चित्रे त्यांनीच काढली. त्यांत कासोट्याच्या निऱ्या, पदराची खोच, अंबाड्यावरची फुले इतकी बारकाईने दाखवली आहेत की पाहून नेसायला शिकावे! शेवटी जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि कॅलेंडरची चित्रे लावली. दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' वार्षिक सुरू केले. त्यांच्या आणि रघुवीर मुळगावकरांच्या चित्रांतल्या बायका पाहताना नऊवारी मागे पडून सहावारी कशी आली ते समजते. मालवणच्या जयंतराव साळगावकरांचे 'कालनिर्णय' १९७३ साली निघाले आणि आमच्या घरी तरी चित्रांच्या कॅलेंडरची खिळ्यावरची जागा त्यानेच घेतली. तेव्हा तिथेच आमची रांग संपवली.

प्रत्येक चित्रासमोर बाकावर त्या तऱ्हेचे खरे कापड घडी घालून ठेवले. चिठ्ठीवर चित्राचे नाव, छापखाना, आणि ते कोणाच्या घरातून आले, कोणी आणले, कोणी जपले हे लिहिले. हे शेवटचे फार महत्त्वाचे. विलायती मासिकातली सुटी पाने पाहून मी हे शिकले, की चित्र राहते आणि गोष्ट हरवते.

जपणुकीबद्दलही दोन शब्द. जुन्या कागदाला पाणी दाखवू नये, माझे उदाहरण समोर आहे. काच कागदाला टेकू देऊ नये, मध्ये पुठ्ठ्याची पट्टी घालून थोडी जागा ठेवावी. नाहीतर आपल्या पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि काढताना रंग काचेवर राहतो. मागे वर्तमानपत्र लावू नये, त्याने कागद पिवळा होतो. चिकटपट्टी तर मुळीच नको. ऊन थेट पडेल त्या भिंतीवर चित्र लावू नये, आणि चुलीच्या धुराच्या भिंतीवरही नको. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून चौकट बोटभर पुढे ठेवावी म्हणजे मागून वारा खेळतो. दर दिवाळीला उतरवून कोरड्या मऊ फडक्याने काच पुसावी आणि वाळवी-कसर आहे का ते पाहावे. आणि जिथे कोणी जर किंवा टिकल्या शिवल्या असतील तिथे नवा टाका घालून "सुधारणा" करायला जाऊ नये. उसवले असेल तर उसवलेले राहू द्यावे. तो हात आपला नव्हे.

कोणी म्हणेल, हे सगळे मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांचे काम. पण ती संग्रहालये तरी अशीच घराघरांतून उभी राहिली. पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, वेणीफणीच्या पेट्या, स्वयंपाकाची भांडी. राजेलोकांच्या तलवारींपेक्षा बायकांच्या हातातल्या वस्तू त्यांनी जास्त मोलाच्या मानल्या. लहानपणीच गेलेल्या राजा नावाच्या मुलाची आठवण म्हणून त्यांनी संग्रहालयाला त्याचे नाव दिले. पत्नी कमलाबाईंची त्यांना फार मोठी साथ होती. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ साली औंधला भवानी संग्रहालय उभारले, तिथे रविवर्म्यांची मूळ चित्रे आहेत. आणि आपल्या सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफाची कला राजघराण्याने जगवली, ते तर आपण जाऊन पाहू शकतो.

प्रदर्शनाच्या दिवशी जे घडले ते सांगून संपवते. सकाळपासून बायकांची रीघ लागली. शाळेच्या मुली मडमेच्या चित्रापुढे घोळका करून कोयरी शोधत होत्या. ऐंशीच्या पुढच्या एका आजींनी धुरंधरांच्या चित्रासमोर उभे राहून आपल्या नातसुनेला कासोटा घालून दाखवला. दुपारी सासूबाईंना खुर्चीत बसवून आणले. लक्ष्मीच्या तसबिरीपुढे त्यांची खुर्ची ठेवली. एका मुलीने चिठ्ठी मोठ्याने वाचली. त्यावर छापखान्याच्या नावाखाली मी लिहिले होते: "जर शिवली तिचे घरातले नाव म्हातारी." सासूबाईंनी तिला थांबवले आणि म्हणाल्या, "तेचा नाव आनंदी होता. तां लिव गो."

घरात इतकी वर्षे नांदून मला ते नाव ठाऊक नव्हते. ह्यांनाही नव्हते. मी तिथेच पेन घेऊन चिठ्ठीवरचे 'म्हातारी' खोडले आणि 'आनंदी' लिहिले. ती खाडाखोड केलेली चिठ्ठी आता तसबिरीच्या मागे लावून ठेवली आहे, आणि तसबीर पुन्हा माजघरात तिच्या जुन्या जागी गेली आहे.

भगिनींनो, एवढीच विनंती. घर दुरुस्तीला काढाल, माळा रिकामा कराल, तेव्हा नदीवर किंवा भंगारात जाण्याआधी एकदा काच उघडून पाहा, आणि घरात जी सर्वांत वयस्क बाई असेल तिला विचारा. तिला विचारायला उशीर करू नका. ह्या वर्षीच्या पावसाळ्यात सासूबाईंची प्रकृती बरी नसते. मी रोज संध्याकाळी त्यांच्यापाशी बसते आणि एक-एक नाव लिहून घेते. वही अर्धी भरली आहे.